खाजगीतलं : रिपोर्ट एकीचा, गोळ्या दोघांच्या

मागच्या अंकात लघवीच्या जळजळीबद्दल लिहिताना मी क्लॅमिडिया (शरीरसंबंधातून पसरणारा एक जंतू) हा शब्द एकदाच, तोही ओझरता वापरला होता, आणि तेव्हापासून जी पत्रं सुरू झालीत ती थांबायचं नाव नाही. बहुतेक बिननावाची. एकाने तर पाकिटावर 'फक्त डॉक्टर मॅडमनीच उघडावे' असं लिहून चारी बाजूंनी सेलोटेप मारलेली, उघडायला कात्री लागली. म्हणून या वेळची सगळी पानं याच विषयाला देतेय. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, निश्चिंत राहा. आधी पत्र, मग माझं उत्तर.

मॅडम, लग्नाला चार वर्षं झाली. दिवस राहत नाहीत म्हणून तपासण्या केल्या, त्यात क्लॅमिडिया आयजीजी पॉझिटिव्ह आलंय. लॅबमधून कोथरूडला घरी येईपर्यंत रिक्षात गूगल केलं तर लिहिलंय की हा शरीरसंबंधातून होणारा आजार आहे. मिस्टर मागच्या वर्षी सहा महिने प्रोजेक्टसाठी बंगळुरूला होते. रिपोर्ट आल्यापासून आमचं बोलणं बंद आहे. ते शपथा घेतायत, मला खरं वाटत नाही. सासूबाई रोज विचारतात रिपोर्टात काय आलं. काय सांगू?

सासूबाईंना सांगा, 'डॉक्टरांनी अजून एक टेस्ट सांगितलीय.' हे खोटंही नाही, कारण ती टेस्ट मीच सांगतेय.

तुमच्या हातात जो रिपोर्ट आहे तो रक्तातल्या अँटिबॉडीचा आहे. त्याचा अर्थ एवढाच की या जातीच्या जंतूशी तुमच्या शरीराची कधीतरी गाठ पडली होती. दंडावरचा व्रण बघून लस टोचलीय एवढं कळतं ना, कोणत्या साली ते कळत नाही, तसंच हे. त्यात अजून एक भानगड अशी की या जंतूचा एक चुलतभाऊ आहे, क्लॅमिडिया न्यूमोनिए नावाचा, तो खोकला न्यूमोनियावाला, श्वासातून पसरणारा, आणि तो इतका कॉमन आहे की मोठेपणापर्यंत बऱ्याच जणांना होऊन गेलेला असतो. काही काही टेस्टना या दोघांतला फरक नीट कळत नाही. म्हणजे लहानपणच्या एखाद्या खोकल्यापायी आज तुमच्या घरात अबोला चाललेला असू शकतो. सरसकट पॅनेलमध्ये ही टेस्ट घालायची आणि रिपोर्ट पेशंटच्या हातात देऊन मोकळं व्हायचं, या पद्धतीवर माझा जुना राग आहे.

आत्ता, या घडीला जंतू आहे का हे बघायचं असेल तर टेस्ट वेगळी, पीसीआर किंवा नाट म्हणतात ती, ज्यात जंतूचा डीएनए किंवा आरएनए सापडतो का ते बघतात. बाईसाठी योनीमार्गातला स्वॅब, पुरुषासाठी लघवी. स्वॅब तुमचा तुम्हालासुद्धा घेता येतो, साधारण दोन इंच आत घालून कडेने गोल गोल फिरवायचा आणि नळीत टाकायचा, लॅबवाली दाखवते. मिस्टरांनी लघवी द्यायच्या आधी किमान एक तास, जमल्यास दोन तास लघवीला जायचं नाही आणि द्यायची ती पहिली धार. हे मी मुद्दाम सांगतेय कारण आपल्या लॅबमधल्या पोरांना 'मधली धार घ्या' म्हणायची इतकी सवय असते की ते डोळे मिटून तेच सांगतात. मधली धार कल्चरसाठी, म्हणजे बशीत जंतू वाढवून बघायच्या टेस्टसाठी. इथे जंतू मूत्रमार्गाच्या अस्तराला चिकटलेला असतो, पहिल्या वीस तीस मिलीत तो धुऊन येतो, नंतर डबा गच्च भरून दिलात तर उलट पातळ होऊन जातो.

पीसीआर निगेटिव्ह आली तर आत्ता इन्फेक्शन नाही, गोळ्यांचा विषय तिथे संपला.

पॉझिटिव्ह आली तर आत्ता इन्फेक्शन आहे, आणि ते शरीरसंबंधातूनच आलेलं आहे. टॉवेलमुळे झालं असेल हो, असं सांगून मी तुमची समजूत काढणार नाही, उद्या तुम्हालाच कुठेतरी खरं वाचायला मिळेल आणि मग माझ्यावरचाही विश्वास जाईल. पण कुणामुळे आणि कधी, हे ती टेस्ट सांगत नाही. रिपोर्टवर तारीख असते ती सॅम्पल घेतल्याची, जंतू शिरल्याची नव्हे. दहा बायकांतल्या सात आठ जणींना याचा काहीच त्रास होत नाही, पुरुषांतही निम्म्यांना कळत नाही, आणि औषध न घेता तो वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, नुसता बसून राहू शकतो. कुणाच्या शरीरात आधी सापडला यावरून कुणी आणला हे ठरत नाही. बायकोची तपासणी आधी होते म्हणून रिपोर्ट तिचा आधी येतो, एवढंच. बंगळुरूबद्दल तुम्हाला जे विचारायचंय ते तुम्ही विचारा, तो तुमचा हक्क आहे, फक्त टेस्टचा कागद पुरावा म्हणून वापरू नका, तो तेवढा पक्का नाहीये.

उपचार मात्र अगदी साधा. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, सकाळ संध्याकाळ, सात दिवस, दोघांनी एकाच वेळी सुरू करायची. तुमची पाळी चुकलेली असेल किंवा दिवस असण्याची शक्यता असेल तर आधी सांगा, मग तुम्हाला ही नाही, अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात, एक ग्रॅम एकदाच. डॉक्सी गिळायचीही एक पद्धत आहे, ती कुणी सांगत नाही. खाऊन झाल्यावर, बसून किंवा उभ्याने, पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या घोटभर पाण्याबरोबर टाकली तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते, मग छातीत अशी आग पडते की माणूस हार्ट अ‍ॅटॅक समजून कॅज्युअल्टीला पळतो, मी पाहिलेत असे. लोहाची, कॅल्शियमची गोळी आणि पित्ताचं औषध तिच्याबरोबर नको, दोन तीन तासांचं अंतर ठेवा. आणि दुपारच्या उन्हात टूव्हीलरवर जाणार असाल तर आपला तो पुणेरी स्कार्फ गुंडाळा, या गोळीने ऊन बाधतं.

ते सात दिवस संबंध नाही, कंडोम लावूनही नाही. एकीने गोळ्या घ्यायच्या आणि दुसऱ्याने 'मला काय झालंय' म्हणत फिरायचं हे केलं तर जंतू नुसता इकडून तिकडे फेऱ्या मारतो. तीन महिन्यांनी परत टेस्ट. घाईने पंधरा दिवसांत केलीत तर मेलेल्या जंतूच्या अवशेषांनी ती पॉझिटिव्ह येऊ शकते आणि परत रडारड.

राहिला दिवस राहण्याचा प्रश्न. हा जंतू गर्भाशयातून वर नळ्यांपर्यंत गेला असेल तर तिथे सूज येऊन चिकटून बसतं, नळ्या बंद होतात, किंवा गर्भ नळीतच अडकून राहतो. गोळ्यांनी जंतू मरतो पण झालेलं चिकटणं सुटत नाही, म्हणून नळ्या मोकळ्या आहेत का ते वेगळं बघावं लागतं, एचएसजी करतात, म्हणजे गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढतात, त्यात कळतं. आपल्याकडे नळ्या खराब व्हायचं अजून एक मोठं कारण म्हणजे गर्भाशयाचा टीबी, तेही तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि हो, मिस्टरांची सीमेनची, म्हणजे वीर्याची, तपासणी झालीय का? तुमच्या दोन पानी पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. बायकोच्या चार टेस्ट झाल्यावर नवऱ्याची पहिली होते, अजूनही.

डॉक, मी हिंजवडीत जॉबला आहे, वय २६. महिन्याभरापासून लघवीला जळजळ आणि सकाळी अंडरवेअरवर चिकट डाग. मेडिकलवाल्याने नॉरफ्लॉक्स दिली, पाच दिवस घेतली, जरा कमी झालं आणि परत सुरू. मग रूममेटकडची अ‍ॅझी ५०० तीन दिवस घेतली. युरिन कल्चर केलं, नो ग्रोथ आलं. म्हणजे इन्फेक्शन नाही ना? गर्लफ्रेंडला काहीच त्रास नाही, मग तिला कशाला टेन्शन देऊ?

अरे बाबा, नो ग्रोथ म्हणजे त्या बशीत काही उगवलं नाही, एवढंच. हा जंतू बशीत उगवतच नाही. तो जिवंत पेशीच्या आत घुसून, तिचंच खाऊन वाढतो, पेशीबाहेर त्याचं काही चालत नाही, त्यामुळे कितीतरी वर्षं शास्त्रज्ञ त्याला व्हायरसच समजत होते. तुझ्या रिपोर्टात वरच्या बाजूला 'पस सेल्स', म्हणजे पुवाच्या पेशी, असं लिहिलेलं असेल ते बघ. पस सेल्स भरपूर आणि कल्चर निल, ही जोडी दिसली की आमचे कान टवकारतात.

नॉरफ्लॉक्स या जंतूवर धड चालत नाही. अ‍ॅझी चालते, पण तू घेतलीस ती कुणाच्या तरी उरलेल्या पाकिटातली, आणि मधल्या काळात गर्लफ्रेंडला भेटत होतास की नाही ते तू लिहिलेलं नाहीस, मी समजून घेते. अशा अर्धवट प्रकारात आजार गेला नाही, का गेला आणि परत आला, हेच कळत नाही. शिवाय अशीच लक्षणं गोनोऱ्हियात (परमा) होतात, मायकोप्लाझ्मा नावाच्या अजून एका जंतूनेही होतात, आणि तो तर अ‍ॅझीला चटकन सरावतो. त्यामुळे आता रूममेटचं कपाट बंद कर आणि त्वचारोग-गुप्तरोगवाल्या डॉक्टरकडे जा, आतापर्यंत काय काय गिळलंस ते सगळं सांग, पाकिटं असतील तर घेऊन जा. क्लॅमिडिया आणि गोनोऱ्हिया दोन्हीची पीसीआर, सोबत एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्त तपासणी. एकाच रस्त्याने येणारे पाहुणे आहेत, एक दिसला की बाकीचेही बघायचे असतात. अंडकोषात दुखायला लागलं, सूज आली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, त्याच दिवशी दाखव.

माझ्याकडे एकदा एक मुलगा आला होता, गुडघा सुजलेला, तो आधी हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता, डोळे लाल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे वेगळा, आणि लघवीची जळजळ त्याने दोघांनाही सांगितली नव्हती, लाज वाटली म्हणून. तिन्ही एकत्र ठेवल्यावर पाच मिनिटांत उलगडा झाला. या इन्फेक्शननंतर काहींना असे सांधे धरतात.

आता गर्लफ्रेंड. तिला त्रास नाही म्हणूनच सांगायचं, त्रास असता तर ती स्वतःच डॉक्टरकडे गेली असती. तिच्या नळ्यांचं नुकसान तिला न कळता होऊ शकतं, त्या वरच्या ताईंचं पत्र परत वाच. गेल्या साठ दिवसांत ज्यांच्या ज्यांच्याशी संबंध आला त्या सगळ्यांना कळवायचं, एकच असेल तर एक, तीन असतील तर तीन. समोर बोलवत नसेल तर मेसेज कर, लांबण लावू नकोस: 'मला एक इन्फेक्शन निघालंय, तुझीही टेस्ट करायला हवी, सात दिवसांच्या गोळ्यांनी बरं होतं, मी सोबत येतो.' शेवटचे तीन शब्द नुसते टाईप करायचे नाहीत, खरंच जायचं.

ताई, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. वय २३, लग्न नाही. संबंधानंतर रक्त दिसतं, पाळी नसतानाही कधी कधी डाग पडतो. एका दवाखान्यात गेले तर काउंटरवरच्या बाईंनी सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, मिस का मिसेस, तक्रार काय. मी परत फिरले. कुठे जाऊ जिथे असं होणार नाही? घरी कळेल का?

त्या काउंटरवरच्या बाईंच्या वतीने मीच माफी मागते. तू परत फिरलीस यात तुझं काही चुकलं नाही, पण आता परत जा, दुसरीकडे जा.

तुला अठरा पूर्ण आहेत, तपासणीसाठी आईवडिलांची सही लागत नाही, आणि तुझ्या परवानगीशिवाय डॉक्टरने घरी सांगायचं नसतं. सरकारी हॉस्पिटलांमध्ये लैंगिक आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतात, वेगळी खोली, काउन्सेलर, औषध फुकट. ससूनला त्वचा आणि गुप्तरोगाचा विभाग आहे, केसपेपर काढायला लाईन असते, सकाळी लवकर गेलीस तर बरं. केसपेपरच्या खिडकीवर 'स्किन' एवढं म्हटलं तरी पुरतं, बाकीचं आत गेल्यावर. जवळचं क्लिनिक कोणतं ते विचारायला १०९७ हा टोल फ्री नंबर आहे, नाव न सांगता विचारता येतं.

तिथे कधी कधी टेस्टच्या रिपोर्टसाठी न थांबता लक्षणं बघून रंगीत पाकिटातलं किट हातात ठेवतात, त्याने घाबरून जाऊ नकोस, ती सरकारचीच ठरलेली पद्धत आहे. करड्या पाकिटात अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्सिम असतं, म्हणजे क्लॅमिडिया आणि गोनोऱ्हिया दोन्हीवरचं. पिवळं दिलं तर ते ओटीपोटाच्या दुखण्याचं, चौदा दिवसांचं, आणि ते चौदाच्या चौदा दिवस घ्यायचं, सहाव्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेलं कपाटात टाकायचं नाही. मधेच ओटीपोटात दुखून ताप आला, उलट्या झाल्या, किंवा पाळी चुकून एका बाजूला दुखायला लागलं तर अभ्यासिकेची जागा गेली तरी चालेल पण त्याच दिवशी जा.

तू लिहिलंयस की तू आयपिल घेतेस म्हणून इन्फेक्शन होणार नाही असं वाटलं होतं. त्या गोळीचा इन्फेक्शनशी काही संबंध नाही, तिथे कंडोमच. आणि मैत्रिणीची पॅप टेस्ट नॉर्मल आली होती, ती कॅन्सरपूर्व बदलांसाठी असते, तिच्यात क्लॅमिडिया दिसत नाही. डॉक्टरला नाव घेऊन सांग, क्लॅमिडियाची टेस्ट हवीय.

पार्टनर पुरुष आहे (मीही पुरुष). हे डॉक्टरला सांगणं गरजेचं आहे का? लघवीची टेस्ट निगेटिव्ह आलीय.

गरजेचं आहे, कारण सॅम्पल कुठून घ्यायचं ते त्यावर ठरतं. जंतू गुदद्वारात किंवा घशात असेल तर लघवीत सापडणार नाही, तिथलाच स्वॅब लागतो. गुदद्वारातल्या इन्फेक्शनवर अ‍ॅझीपेक्षा डॉक्सी चांगली लागू पडते, आणि तिथे रक्त, पू, कळा असतील तर एक जहाल प्रकार असतो त्याला सातऐवजी एकवीस दिवस गोळ्या लागतात. पार्टनर पुरुष आहे हे ऐकून ज्या डॉक्टरचा चेहरा बदलेल त्याची फी एकदाच द्यायची, परत जायचं नाही.

सातवा महिना चालू आहे, हडपसर. स्वॅबमध्ये क्लॅमिडिया निघालाय. बाळाला काय होईल? सिझर करावं लागेल का?

यासाठी सिझर नाही. तुम्हाला अ‍ॅझिथ्रोमायसिन एक ग्रॅम, एकाच वेळी, बस. डॉक्सी गरोदरपणात देत नाहीत, त्यामुळे मिस्टरांच्या पाकिटातली 'तीच तर आहे' म्हणून घेऊ नका, त्यांची वेगळी, तुमची वेगळी. गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर डॉक्टरांना फोन करून विचारा, परत घ्यावी लागू शकते. तुम्हाला मात्र साधारण चार आठवड्यांनी परत टेस्ट करायची, जंतू गेलाय याची खात्री म्हणून, बाकीच्यांना ती लागत नाही. आणि तीन महिन्यांनी अजून एकदा, तोपर्यंत बाळ झालेलं असलं तरी.

हे सगळं झालं तर बाळाची फार काळजी नको. औषध न घेता बाळंतपण झालं तरच भीती असते की येताना जंतू बाळाच्या डोळ्यांत जाईल, मग पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास डोळे लाल होऊन चिपडं येतात, किंवा एक ते तीन महिन्यांचं असताना ताप नसलेला पण खोकून खोकून बेजार करणारा न्यूमोनिया होतो. पाचवी पुजायच्या सुमारास बाळाचे डोळे चिकटले तर आईचं दूध घाला, गुलाबपाणी घाला असं घरात कुणीतरी म्हणणारच. काही घालू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि तुम्हाला हे इन्फेक्शन होतं ते आठवणीने सांगा, कारण नुसत्या थेंबांनी ते जात नाही, पोटात औषध द्यावं लागतं.

महोदया, वय ७६, सहकारनगर. आपला मागील लेख वाचून नातवाकडून गूगल करवले (विषय न सांगता). तेथे डोळ्यांचा रोग दिसतो. लहानपणी गावी आम्हा भावंडांना खुपऱ्या झाल्या होत्या, तोच हा जंतू का? तसे असल्यास मी इतकी वर्षे टिळक टँकवर पोहतो, इतरांस धोका आहे का?

आजोबा, विषय न सांगता नातवाकडून हे शोधून घेतलंत, मानलं तुम्हाला.

जंतू तोच, क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस, फक्त घराणी वेगळी. खुपऱ्या करणारं घराणं वेगळं, ते हाताने, एकाच पंचाने तोंडं पुसण्याने, डोळ्यांवर बसणाऱ्या माश्यांनी पसरतं. आपल्या आज्या एकाच बोटाने सगळ्या पोरांना काजळ घालायच्या ना, एकाच्या डोळ्यातलं दुसऱ्याच्या डोळ्यात जायला तेही निमित्त. लैंगिक आजार करणारं घराणं निराळं. गंमत म्हणजे शोध लागला तो डोळ्यांमुळेच, १९०७ साली जावा बेटावर दोन शास्त्रज्ञांनी खुपऱ्यांमधला स्राव ओरांगउटानच्या डोळ्याला लावून पाहिला आणि पेशींच्या आत हे ठिपके त्यांना दिसले. पेशीतल्या केंद्रकाला झूल पांघरल्यासारखे ते दिसायचे, म्हणून झग्याच्या ग्रीक शब्दावरून हे नाव. आणि भारतातून खुपऱ्या आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्या असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केलं, तुमच्या पिढीचे डोळे ज्याने खाल्ले तो रोग.

टँकचं म्हणाल तर बिनधास्त पोहा. तलावाच्या पाण्याने, संडासच्या सीटने, कपड्यांनी हा लैंगिक आजार होत नाही, आणि सत्तर वर्षांपूर्वीच्या खुपऱ्या तुमच्यापासून आता कुणाला होणार नाहीत. मला तुमच्या पत्रातल्या दुसऱ्याच ओळीची काळजी वाटली, 'डावा डोळा सारखा खुपतो, पाणी येते' असं तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलंयत. जुन्या खुपऱ्यांचे व्रण आकसून पापणीचे केस आत वळतात आणि बुबुळावर घासत राहतात. आरशात दिसतीलच असं नाही, चिमट्याने उपटून भागत नाही, परत येतात. या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, लहानपणी खुपऱ्या झाल्या होत्या हे त्यांना सांगा, आणि तोपर्यंत टँक बंद.